शालूखालची पादत्राणे



तुळशीचे लग्न लागले की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते आणि तिच्यापाठोपाठ आमच्या दवाखान्यातील तक्रारींची तऱ्हाही बदलते. पावसाळ्यातील ताप-खोकले मागे पडतात. त्यांच्या जागी अपचन येते, जागरणाने चढलेला रक्तदाब येतो आणि पाय येतात. टाचेला आलेले फोड, मुरगळलेले घोटे, चवड्यात भरलेली कळ, सुजलेल्या बोटात रुतून बसलेली जोडवी, असे सगळे. उपनगरात सामान्य वैद्यकीय व्यवसाय करताना गेली सत्तावीस वर्षे मी हे पाहत आले आहे. या रुग्णांत नवऱ्या मुली असतात, त्यांच्या आया असतात आणि ज्यांची मला सर्वाधिक काळजी वाटते त्या त्यांच्या आज्या असतात.

बोरिवलीच्या एका वाचक भगिनींनी मध्यंतरी पत्र लिहून विचारले होते की, नातीने लग्नासाठी चार इंच टाचेची, खड्यांची, महागडी सँडल पसंत केली आहे. पैसे आजोबांच्या निवृत्तिवेतनातून जाणार आहेत. तेव्हा दिसायला चांगले, पायाला सुखाचे आणि खिशाला परवडणारे असे काही असते का? शिवाय नातीला हे सांगायचे कसे, हाही प्रश्न त्यांनी जोडला होता. पहिल्या प्रश्नापेक्षा हा दुसरा अवघड आहे. माझा सल्ला असा की, बोलणे किमतीपासून सुरू करू नये. किमतीचा विषय निघाला की नातीला वाटते, आजीला माझ्या हौसेचे ओझे झाले. बोलणे तासांपासून सुरू करावे.

मराठी लग्नात नवरी पादत्राणे किती वेळ घालते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. पुण्याहवाचन, गौरीहराची पूजा, अंतरपाटापाशी उभे राहणे, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, हे सारे अनवाणी. सासरी माप ओलांडणे, तेही अनवाणी. म्हणजे सजण्याच्या खोलीपासून मांडवापर्यंतची काही पावले आणि संध्याकाळचा स्वागतसमारंभ, एवढाच काळ उरतो. तो तीन-चार तासांचा. त्या तीन-चार तासांत पावले शालूच्या किंवा घागऱ्याच्या घेराखाली झाकलेली असतात. छायाचित्रे बहुतेक कमरेच्या वरची निघतात. पाहुणे आहेर देतात, हसतात, जेवणाच्या रांगेकडे वळतात. नवरीच्या पायांत काय आहे, हे कोणी पाहत नाही. हल्ली सँडल वेगळी ठेवून तिचे एक छायाचित्र काढण्याची पद्धत आहे, तेवढ्यापुरती ती दिसते. ज्या वस्तूचे दर्शन इतके थोडे आणि जिचा जाच इतका मोठा, तिच्यावर किती खर्च करावा, हे मग नात स्वतःच ठरवते. मुली हिशेबाला पक्क्या असतात.

या तीन-चार तासांचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे, कारण ते चालण्याचे नसते, एका जागी उभे राहण्याचे असते. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलत असतात. एका जागी ताटकळत उभे राहिले की हे ढकलणे मंदावते, रक्त आणि पाणी पायांत साचते आणि संध्याकाळी सातला व्यवस्थित बसलेली सँडल नऊला आवळू लागते. टाच उंच असेल तर त्यात भर पडते. टाच जितकी वर उचलली जाते तितका शरीराचा भार चवड्यावर सरकतो. तोल सावरण्यासाठी गुडघा किंचित वाकतो, कंबर आत जाते, पोटरी आखडून राहते. म्हणून दुसऱ्या दिवशी नवरी पाय दुखतो म्हणत नाही, कंबर दुखते म्हणते, आणि घरची मंडळी त्याचे खापर जड शालूवर फोडतात.

उंच टाच हवी असते ती पुष्कळदा नवऱ्या मुलाच्या उंचीमुळे. छायाचित्रात फार अंतर दिसू नये, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि तिला हसण्याचे कारण नाही. पण उंची मिळवण्याचा मार्ग केवळ टाच हा नव्हे. संपूर्ण तळच जाड असला, म्हणजे चवड्याखाली एक-दीड इंच आणि टाचेखाली अडीच-तीन इंच, तर उंची तेवढीच वाढते. मात्र पायाचा उतार एक-दीड इंचाचाच राहतो. पायाला जाणवतो तो हा उतार. टाच पेन्सिलीसारखी नसून रुंद असावी, किंवा तळ सलग उतरता असावा. रंगमंचावरील गालिच्याखाली फळ्या जोडलेल्या असतात. त्यांच्या फटीत बारीक टाच अडकून घोटा मुरगळलेल्या दोन नवऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. जाड तळाची सँडल घातल्यावर मात्र घरात चार दिवस चालण्याचा सराव करावा, कारण जमीन नेमकी कोठे आहे याचा अंदाज प्रारंभी चुकतो.

आता एक गोष्ट, जी दुकानदारही सांगत नाहीत. जोडवी. सँडल खरेदी होते लग्नाच्या महिनाभर आधी, आणि जोडवी बोटात चढतात लग्नाच्या दिवशी. दुसऱ्या बोटात चांदीचे जाड वेढे, कोणाकडे त्यांच्या सोबतीला विरोल्या आणि मासोळ्याही, यांमुळे पायाचा पुढचा भाग रुंद होतो. निमुळत्या तोंडाच्या सँडलमध्ये मग जोडवी शेजारच्या बोटात रुतते, कातडी सोलते आणि संध्याकाळच्या सुजेने बोट जाड झाले की निघतही नाही. म्हणून जोडवी आधीच आणून ठेवलेली असतील तर सँडल घेताना ती पिशवीत न्यावीत आणि दुकानात बोटांत घालून पाहावे. लग्नाआधी जोडवी घालणे घरात कोणाला रुचत नसेल, तर आईने किंवा वहिनीने आपल्या जोडव्यांच्या जाडीचा अंदाज द्यावा आणि पुढून मोकळी, रुंद पट्ट्याची सँडल निवडावी. पैंजणांचे तेच, घोट्याभोवतीचा बंद आणि पैंजण एकाच जागी आले की दोन्ही टोचतात.

माप घेण्याची एक जुनी आणि फुकट युक्ती आहे. संध्याकाळी, दिवसभराची हालचाल झाल्यानंतर, कोऱ्या कागदावर उभे राहावे आणि दुसऱ्या कोणी तरी पेन्सिल सरळ धरून दोन्ही पावलांची रेघ काढावी. बसून काढलेले माप कमी भरते. ही कागदाची पावले कापून दुकानात न्यावीत आणि सँडलमध्ये किंवा बुटात ठेवून पाहावीत. कागद कडेला दुमडला, तर पाऊलही तसेच दुमडणार. सर्वांत लांब बोटापुढे साधारण अर्धा इंच जागा राहिली पाहिजे. हे लांब बोट पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे असते आणि दोन्ही पावले सहसा तंतोतंत सारखी नसतात. मोठ्या पावलाचे माप धरावे. दुकानात दहा मिनिटे उभे राहून पाहावे. विक्रेता कंटाळेल, कंटाळू द्यावे. घरबसल्या फोनवरून मागवणार असाल तर परत घेण्याची मुदत लग्नाच्या आधी संपत नाही ना, आणि जिन्नस आल्या दिवशीच कागदाचे पाऊल त्यात बसते का, एवढे पाहावे.

पैशाचा विचार करताना एक सरकारी आकडा ध्यानात असू द्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंत विक्रीकिंमत असलेल्या पादत्राणांच्या जोडीवर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे आणि त्यावरील जोडीवर १८ टक्के. म्हणजे २,४०० रुपयांची जोडी करासह २,५२० रुपयांना पडते आणि २,६०० रुपयांची ३,०६८ रुपयांना. मूळ किमतीत दोनशेचा फरक, खिशातून जाताना साडेपाचशेचा. याहून मोठी बचत शब्दांत आहे. त्याच बांधणीची, त्याच तळाची चप्पल ‘ब्रायडल’ अशी चिठ्ठी लावून काचेच्या कपाटात गेली की तिची किंमत वाढते. साधी, फिकट सोनेरी रंगाची, खडे नसलेली सँडल शोधावी. तो रंग हिरव्या शालूलाही शोभतो आणि लाल घागऱ्यालाही; पुढे दिवाळीला, भावाच्या लग्नाला, बारशाला ती पायांत राहते.

अंधेरीचे लोखंडवाला मार्केट आणि वांद्रे-खारचा लिंकिंग रोड ही घासाघीस करून सँडल घेण्याची ठिकाणे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून घाटकोपरकरांना अंधेरी गाठण्यासाठी दादरला वळसाही घालावा लागत नाही. पण मापाबरहुकूम काही हवे असेल, विशेषतः दोन पावलांत फरक असेल किंवा अंगठ्याच्या मुळाशी हाड वर आलेले असेल, तर कुर्ला आणि चेंबूर यांच्या सीमेवरील ठक्कर बाप्पा कॉलनीकडे वळावे. चपला, मोजड्या, सँडल बनवणाऱ्या कारागिरांची ही जुनी वसाहत. मुंबईतील अनेक दुकानांत दिसणारा माल येथील छोट्या कारखान्यांतून निघतो. कारागिराशी थेट बोलता आले तर तळाखाली थोडे जास्त स्पंज, पट्टा अर्धा इंच सैल, असे सांगून करून घेता येते. लग्नसराईत त्यांच्याकडे कामाची गर्दी असते, म्हणून दोन महिने आधी जावे.

आणखी एक उपाय मला फार आवडतो. नातीच्या पायांत आधीच रुळलेली, न टोचणारी एखादी जुनी सँडल असते. तिचा तळ धड असेल तर स्टेशनबाहेर बसणारे चर्मकार कारागीर पट्ट्यावर नवे कापड चढवून देतात. शालूच्या पोलक्यातून उरलेला तुकडा दिला तर शालूशी जुळणारी सँडल थोडक्या मजुरीत तयार होते. आजीच्या विरलेल्या पैठणीचा काठही असा लावलेला मी पाहिला आहे. देवाब्राह्मणांसमोर नेसलेले वस्त्र पायात नको, असे ज्यांना वाटते त्यांनी अर्थातच तसे करू नये; ब्रोकेडचा कपडा कोणत्याही कापडबाजारात मिळतो.

नऊवारी नेसून स्वागतसमारंभाला उभ्या राहणाऱ्या मुली अलीकडे वाढल्या आहेत, आणि नऊवारीखाली पाऊल दिसते. तेथे कोल्हापुरी चपलेला तोड नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातील चार, यांना मिळून २०१९ मध्ये कोल्हापुरीचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलानमधील आपल्या प्रदर्शनात याच घाटाच्या चपला मांडल्या आणि आरंभी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. त्यावर आपल्याकडे मोठा गदारोळ झाला, तो आपण वर्तमानपत्रांत वाचला असेल. नातीला पटवताना या बातमीचा उपयोग खुशाल करावा.

वैद्यकीय दृष्टीने कोल्हापुरीचे गुण आणि दोष दोन्ही आहेत. ती सपाट असते, पुढून मोकळी असते, जोडव्यांना अडवत नाही. पण खरी कोल्हापुरी वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या जाड चामड्याची, चामड्याच्याच दोऱ्याने शिवलेली असते. नवी असताना ती कडक असते आणि अंगठ्याला व पावलाच्या वरच्या भागाला चावते. महिनाभर आधी घेऊन रोज अर्धा तास घरात घालावी, पट्ट्यांना आतून थोडे तेल लावावे. दुसरा दोष मोठा आहे: चामड्याचा गुळगुळीत तळ सभागृहाच्या चकचकीत फरशीवर, सांडलेल्या पाण्यावर आणि गुलाबाच्या पाकळ्यांवर सरकतो. कारागिराकडून खाली पातळ रबरी सोल चिकटवून घ्यावा. चप्पल अभिजात राहत नाही, असे शुद्धतावादी म्हणतील. त्यांनी लग्नात घसरून पडलेली माणसे पाहिलेली नाहीत.

नवी सँडल कितीही मऊ असली तरी टाचेच्या मागे आणि करंगळीच्या कडेला घासतेच. औषधांच्या दुकानात जखमेची पट्टी चिकटवण्यासाठी मायक्रोपोअर नावाची पातळ कागदी चिकटपट्टी मिळते. समारंभापूर्वी कोरड्या पावलावर या दोन ठिकाणी तिचा एकेक तुकडा, सुरकुती न पडता, चिकटवला की फोड येण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. फोड आल्यावर लावण्यापेक्षा येण्याआधी लावणे उपयोगाचे. रंगमंचामागे जुनी, सैल चप्पल ठेवावी आणि नवरीच्या पाठराखिणीकडे एवढेच काम सोपवावे की अर्ध्या-पाऊण तासाने नवरीला पाच मिनिटे बसवायचे, पाणी द्यायचे आणि टाचा वर-खाली करायला सांगायचे. शालूखाली ते कोणाला दिसत नाही.

येथपर्यंत नातीचे झाले. हे पाक्षिक हातात धरलेल्या वाचकांपैकी बहुतेकांची पावले मात्र साठ-सत्तर वर्षे चाललेली आहेत, आणि या लेखाचा निम्मा भाग त्यांच्यासाठी राखून ठेवावा, असे मी ठरवले होते. नातीच्या सँडलमध्ये वाचलेले पैसे कोठे खर्च करावेत, याचे उत्तर त्यातच आहे.

मुलुंडच्या ७२ वर्षांच्या एका आजींना अठरा वर्षांचा मधुमेह. नातीच्या लग्नात सर्वांच्या पायांत सोनेरी सँडल, म्हणून सुनेने मोठ्या प्रेमाने त्यांनाही तशीच आणली. आजींनी ती पाच तास घातली. काहीही दुखले नाही, याचे त्यांना कौतुकच वाटले. तिसऱ्या दिवशी पलंगाच्या चादरीवर पिवळसर डाग दिसला. करंगळीच्या कडेला आलेला फोड फुटून आत जखम झाली होती आणि त्यांना त्याची खबरही नव्हती. पाहुणे होते, सत्यनारायण होता, म्हणून नवव्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. शल्यविशारदांकडे फेऱ्या, प्रतिजैविके आणि सहा आठवड्यांची मलमपट्टी यांनंतर बोट वाचले. सुनेला जो पश्चात्ताप झाला तो व्हायला नको होता, कारण तिला हे कोणी सांगितलेलेच नव्हते.

काही दुखले नाही, हेच त्या प्रकारातील भयसूचक चिन्ह होते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होत जातात. वेदना ही पहारेकरी आहे. ती झोपी गेली की सँडलचा पट्टा, चपलेत शिरलेला खडा, तापलेली फरशी, कशाचाही पुकारा होत नाही. आयसीएमआर-इन्डियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख माणसांना मधुमेह आहे. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत असे कितीतरी पाय असतात. आपले पाय बधिर आहेत का, हे डॉक्टर नायलॉनच्या एका बारीक तंतूने तपासतात. त्यास दोन मिनिटे लागतात आणि दुखत नाही. घरात लग्न ठरले की पत्रिका छापायला देण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.

पाय बधिर असतील तर लग्नासाठी नवे पादत्राण घालायचेच नाही, हा नियम. दोन महिने आधी घेऊन, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तासभर असे वाढवत नेलेले चालेल. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना दाखवून दिले की, त्या जखमा रोगाने आपोआप होत नसून न जाणवणाऱ्या दाबाने आणि घर्षणाने होतात. त्या विचारातून बधिर पायांसाठी मऊ तळाची पादत्राणे रुळली. आज मधुमेहींसाठी मिळणारी एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल त्याच वंशातील. ती पूर्वी फार रुक्ष दिसे. आता तपकिरी, काळ्या रंगांत, रुंद वेलक्रोच्या पट्ट्यांची, मागे टाचेला बंद असलेली मिळते आणि सिल्कच्या साडीखाली मुळीच विसंगत दिसत नाही. टाचेमागचा बंद हवाच. साधी सपाता घसरून पडू नये म्हणून बोटे आवळून धरावी लागते आणि बधिर पायातून ती निसटली तरी कळत नाही. आजोबांचे लग्नासाठी काढलेले बूटही एकदा आत हात घालून तपासावेत. वर्षभर कपाटात राहिलेल्या बुटाचे अस्तर सुटलेले असते, खिळा वर आलेला असतो.

मांडवात चपला काढाव्याच लागतात, आणि तो मुद्दा श्रद्धेचा आहे. अशा वेळी स्वच्छ, फिक्या रंगाचे सुती मोजे घालावेत. त्याला कोणत्याही गुरुजींनी हरकत घेतल्याचे मी पाहिलेले नाही. वैशाखात उघड्या अंगणातील फरशी दुपारी किती तापते, हे बधिर पायाला कळत नाही. फुलांच्या सजावटीच्या टाचण्याही खाली पडलेल्या असतात. सभागृहाच्या दारातील चपलांच्या ढिगात आपली चप्पल सोडू नये. तिची अदलाबदल झाली की माणूस मिळेल ती, आखूड किंवा सैल, अडकवून घरी जातो. कापडी पिशवीत घालून खुर्चीखाली ठेवावी. वरपक्षाचे बूट पळवण्याचा खेळ आता आपल्याकडेही रंगतो. करवल्यांना आधीच सांगून ठेवावे की नवऱ्या मुलाचे हवे तर पळवा, त्याच्या आजोबांच्या बुटांना हात लावू नका.

रंगमंचाच्या पायऱ्या हा माझ्या मते उपनगरांतील लग्नांतील सर्वांत धोकादायक भाग आहे. त्यांना कठडा नसतो, सर्वांवर एकाच रंगाचा गालिचा असल्याने कडा दिसत नाहीत, वर छायाचित्रकाराचा झोत डोळ्यांवर येतो आणि शेवटची पायरी बहुधा इतरांहून कमी-अधिक उंच असते. या वयात खुब्याजवळचे हाड मोडले तर त्याचा अर्थ शस्त्रक्रिया आणि कित्येक महिन्यांचे परावलंबित्व. सजावट करणाऱ्याला एका बाजूस कठडा लावण्यास सांगितले तर तो लावतो. फक्त आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सांगावे. त्याहून बरे म्हणजे नवरानवरीने स्वागतसमारंभाच्या आधी पाच मिनिटे खाली उतरून ज्येष्ठांच्या रांगेत यावे, नमस्कार करावा, तेथेच छायाचित्र काढावे. रुंद टाचेची सँडल असेल तर नवरीला ते सहज जमते.

ज्यांच्या पायांवर संध्याकाळी सूज येते त्यांनी माप संध्याकाळचेच घ्यावे. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या अम्लोडिपिन या गोळीने पुष्कळांच्या घोट्यांवर सूज येते. म्हणून लग्नाच्या आठवड्यात ती परस्पर बंद करू नये; डॉक्टरांना सांगावे, पर्याय असतात. सूज एकाच पायावर अचानक आली, पोटरी दुखू लागली, आणि त्याआधी विमानाचा किंवा बसचा लांब प्रवास झालेला असेल, तर मात्र हळद-मेंदी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. परदेशातून लग्नासाठी आलेल्या काका-मावश्यांच्या बाबतीत हे विशेष ध्यानात ठेवावे.

समारंभ संपवून रात्री घरी आल्यावर आपल्या घरातील ज्येष्ठांचे पाय कोणी तरी दिव्याच्या उजेडात पाहावेत. तळवे, टाचा, प्रत्येक दोन बोटांमधील जागा. कोमट पाण्यात पाय बुडवायचे असतील तर पाणी आधी दुसऱ्याने कोपराने तपासावे आणि नंतर बोटांमधील ओल टिपावी. फोड आलेला असेल तर फोडू नये, वर स्वच्छ कोरडी पट्टी ठेवावी. कुरूप किंवा घट्टा दिसला म्हणून मधुमेहींनी औषधाच्या दुकानातील कॉर्न कॅप कधीही लावू नये. तीत आम्ल असते, ते कुरूपाबरोबर भोवतालची कातडीही जाळते. लाली पसरत असेल, पाणी किंवा पू येत असेल, पाय एका बाजूने गरम लागत असेल, तर सत्यनारायणाची पूजा होण्याची वाट पाहू नये. सकाळी दवाखाना उघडताच यावे आणि येताना त्या दिवशी घातलेली सँडलही पिशवीत घालून आणावी. जखम कोठून झाली, ते तिच्याकडे पाहून कळते.